गोष्टीतला चिमटा काढून बघा!

एक छोटीशी मुकी फिल्म आहे. तिच्यात माणूस नाही, प्राणी नाही, साधं झाडही नाही. पडद्यावर फक्त एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण आणि एक चिमुकलं वर्तुळ. शेजारी एक चौकट आणि तिला उघडमीट होणारं दार. त्रिकोण सरकतात, वर्तुळ सरकतं, दार उघडतं, मिटतं. संपली फिल्म!

१९४४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फ्रिट्झ हायडर आणि मारिआन सिमेल या दोन मानसशास्त्रज्ञांनी ही फिल्म अमेरिकेत ३४ जणांना दाखवली आणि सांगितलं, ‘काय घडलं ते लिहा.’ आता यात लिहिण्यासारखं काय आहे? ‘मोठा त्रिकोण डावीकडे गेला, मग वर्तुळ उजवीकडे गेलं.’ पण असं कोरडं, भूमितीतलं वर्णन ३४ पैकी फक्त एकाच व्यक्तीनं लिहिलं. बाकी सगळ्यांना ते आकार चक्क जिवंत वाटले. मोठा त्रिकोण म्हणजे दांडगोबा, वर्तुळ बिचारं घाबरलेलं, छोटा त्रिकोण त्याच्या मदतीला धावणारा! कागदी आकारांची त्यांनी गोष्ट करून टाकली.

आहे की नाही गंमत? आपलं डोकं सारखं तीन प्रश्न विचारत असतं. हा कोण? याला काय हवंय? आणि हे असं का झालं? उत्तरं मिळाली की गोष्ट तयार. ‘हा कोण’चं उत्तर म्हणजे गोष्टीतलं पात्र. ‘याला काय हवंय’चं उत्तर म्हणजे त्या पात्राची इच्छा. आणि ‘असं का झालं’ या प्रश्नानं एकामागून एक बांधलेल्या घटना म्हणजे कथानक.

मराठीच्या तासाला कथानक, पात्रं, वातावरण, संघर्ष, कलाटणी असे शब्द तुम्ही ऐकले असतील. पाठ करायला गेलं की ते जड वाटतात. पण ते पाठ करायचेच नसतात. गोष्टीवर प्रयोग करून ते शोधायचे असतात! आणि प्रयोग अगदी सोपा आहे. गोष्टीतला एक तुकडा काढायचा किंवा बदलायचा आणि बघायचं, गोष्ट उभी राहते की कोसळते?

ही युक्ती आजची नाही. सुमारे २,३०० वर्षांपूर्वी ग्रीक विचारवंत ॲरिस्टॉटल यानं आपल्या काव्यशास्त्रावरच्या ग्रंथात सांगून ठेवलंय की कथानकातला एखादा भाग काढला तर सगळंच विस्कटलं पाहिजे. जो भाग असला काय नि नसला काय, काहीच फरक पडत नाही, तो खरा भागच नव्हे.

चला तर मग.

आधी चिऊ आणि काऊ

सरावासाठी चिऊ-काऊची गोष्ट घेऊ. बोलायला लागायच्या आधीपासून ऐकलेली. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. पाऊस येतो, शेणाचं घर वाहून जातं, कावळा चिमणीचं दार वाजवतो. चिमणी दार लगेच उघडत नाही. बाळाला न्हाऊ घालते, पुसते, काजळ लावते आणि कावळा बाहेर भिजत राहतो. शेवट घरोघरी थोडा वेगळा सांगतात.

आता पाऊस काढा. कावळा आपल्या घरात मजेत, चिमणी आपल्या घरात मजेत. गोष्टच नाही! बरं, पाऊस ठेवा, पण कावळ्याचं घर दगडाचं करा. तरीही गोष्ट नाही. म्हणजे पहिल्याच वाक्यातलं ‘शेण’ उगीच आलेलं नव्हतं. पाऊस पडला आणि घर शेणाचं होतं, *म्हणून* ते वाहून गेलं. घर वाहून गेलं *म्हणून* कावळा दाराशी आला. हा ‘म्हणून’ घटनांना एकमेकींशी बांधतो. नुसतं ‘मग हे झालं, मग ते झालं’ म्हणत गेलं तर ती होते दिवसभराची यादी.

आता दुसरा तुकडा काढा. कावळ्यानं दार वाजवलं आणि चिमणीनं लगेच उघडलं. संपली गोष्ट दोन वाक्यांत! ते बाळाला न्हाऊ घालणं, पुसणं, काजळ लावणं कशासाठी आहे, कळलं? आपला जीव टांगणीला लावण्यासाठी. प्रत्येक वेळी वाटतं, आता उघडेल, आता उघडेल. या वाट पाहण्याला म्हणतात उत्कंठा. ही गोष्ट कुणी रचली ते आपल्याला माहीत नाही, पण बांधणी मात्र एकदम पक्की आहे.

हामिदचे तीन पैसे

आता मोठा प्रयोग. त्यासाठी हिंदीतले थोर कथाकार प्रेमचंद यांची ‘ईदगाह’ ही कथा घेऊ. ती १९३३ सालची. भारतातल्या कितीतरी मुलांनी ती शाळेत वाचली आहे. तुम्ही वाचली नसेल तर आधी थोडक्यात ऐका.

ईदची सकाळ. उत्तर भारतातलं एक खेडं. गावातली सगळी पोरं मोठ्यांबरोबर शहराकडच्या ईदगाहला निघाली आहेत. ईदगाह म्हणजे ईदची नमाज पढण्याची मोकळी जागा. तिथे नमाजनंतर जत्रा भरणार! या पोरांत चार-पाच वर्षांचा हामिद आहे. त्याला आई नाही, वडील नाहीत. दादी अमीना त्याला सांभाळते. पायात जोडे नाहीत, डोक्यावर जुनी टोपी, खिशात तीन पैसे. महमूदकडे आहेत बारा पैसे आणि मोहसीनकडे पंधरा.

जत्रेत सगळे पाळण्यात बसतात, मातीची खेळणी घेतात, मिठाई खातात. हामिद नुसता बघतो. मग लोखंडी सामानाच्या दुकानात त्याला चिमटे दिसतात. दादीकडे चिमटा नाही. तव्यावरून रोटी उतरवताना तिची बोटं भाजतात. दुकानदार सहा पैसे सांगतो, मग पाचावर येतो. हामिद छाती घट्ट करून तीन पैसे म्हणतो आणि पुढे चालू लागतो. दुकानदार त्याला हाक मारतो आणि तीन पैशांत चिमटा देऊन टाकतो.

मित्र हसतात. हामिद चिमट्याची अशी काही तारीफ करतो की शेवटी त्यांनाच त्याचा हेवा वाटतो. घरी पोचल्यावर मातीची खेळणी एकेक करून फुटतात. आणि दादी? ती चिमटा बघून आधी चिडते. दिवसभर उपाशी राहिलास आणि हे लोखंड काय आणलंस! हामिद कारण सांगतो. दादीचा राग विरघळतो आणि तिच्या डोळ्यांना धार लागते.

हं, आता एकेक तुकडा काढायला घेऊ.

प्रयोग पहिला : पैसे वाढवा

हामिदला पंधरा पैसे द्या. तो पाळण्यात बसेल, मातीचा शिपाई घेईल, रेवड्या खाईल आणि उरलेल्या पैशांत चिमटाही घेईल. दादी खूश होईल. पण तुमच्या-माझ्या घशात आवंढा येईल का? नाही येणार.

तीन पैसे म्हणजे नेमके किती, तेही बघा. त्या काळी एका रुपयाचे १६ आणे आणि एका आण्याचे ४ पैसे. म्हणजे रुपयात ६४ पैसे! शंभर पैशांचा रुपया १९५७ साली आला. हामिदकडे पुरता एक आणासुद्धा नव्हता. पाळण्याच्या पंचवीस फेऱ्या एका पैशात मिळत होत्या, पण तो एक पैसा म्हणजे हामिदच्या सगळ्या दौलतीचा तिसरा हिस्सा. पैसे इतके कमी आहेत म्हणून निवड करावी लागते. हे घेतलं तर ते सुटणार. मन एकीकडे ओढतं आणि दादीची आठवण दुसरीकडे. या ओढाताणीला म्हणतात संघर्ष.

संघर्ष म्हटलं की ढिशुम ढिशुम आठवतं ना? पण तो दोघांच्या भांडणात असतो तसा एकट्याच्या मनातही असतो. दुकानदाराशी घासाघीस हा हामिदचा बाहेरचा संघर्ष. खेळण्यांकडे आपसूक जाणारे हात मागे घेणं हा आतला. आणि आतलाच जास्त अवघड!

प्रयोग दुसरा : दोस्तांना घरी पाठवा

हामिदला एकट्यालाच जत्रेत सोडा. आता त्याला कोण चिडवणार? कोण त्याच्यासमोर रेवडी नाचवून स्वतःच्या तोंडात टाकणार? मोह दाखवायला कुणीतरी लागतं आणि ते काम मोहसीन, महमूद, नूरे आणि सम्मी करतात.

ते आणखीही एक काम करतात. हामिद कसा आहे ते त्यांच्यामुळे कळतं. प्रेमचंद त्याला नुसता ‘शहाणा मुलगा’ म्हणून मोकळे होत नाहीत. खेळणी घेता येत नाहीत, तेव्हा हामिद म्हणतो की ती मातीची आहेत, पडली की फुटतील. आणि हे म्हणत असतानाच त्याचे डोळे त्या खेळण्यांवरून हटत नाहीत! अगदी आपल्यासारखं. माणूस काय बोलतो, काय करतो आणि दोन्हींत किती अंतर आहे, यावरून तो आपल्याला कळत जातो. यालाच पात्रचित्रण म्हणतात.

आणि हामिदचं ते वाक्य लक्षात ठेवा. मातीची खेळणी फुटतील, असं तो जत्रेतच म्हणतो आणि घरी गेल्यावर खरोखरच ती फुटतात. लेखक पुढची गोष्ट आधीच हळूच सुचवून ठेवतो. ही झाली पूर्वसूचना. रशियन लेखक आंतोन चेखव यानं १८८९ साली एका पत्रात असाच सल्ला दिला होता. ज्या बंदुकीचा बार उडवायचा कुणाच्या मनात नाही, ती भरलेली बंदूक रंगमंचावर ठेवू नये. दाखवलेली वस्तू पुढे कामाला आलीच पाहिजे.

प्रयोग तिसरा : ईद काढून टाका

समजा, ईद नाहीच. साधा बाजाराचा दिवस. मग पोरांच्या खिशात खाऊचे पैसे कुठून येणार? तीन कोस चालत शहराकडे कोण नेणार? आणि सणच नसेल तर दादीच्या जिवाला एवढा घोर तरी का लागेल? सण आला की गरिबाच्या घरात आनंदाबरोबर काळजीही येते.

कथेतली जागा आणि वेळ यांना स्थळ-काळ म्हणतात. ती नुसती मागची सजावट नसते. ‘ईदगाह’मध्ये तर कमाल आहे. नमाजच्या वेळी सगळे एका ओळीत, गरीब-श्रीमंत असा भेद नाही, हजारो माथी एकदम झुकतात. आणि लगेच पुढे जत्रा! तिथे ज्याचा खिसा जड त्याची चैन. एकाच आवारात, काही मिनिटांच्या अंतरानं, आधी सगळे सारखे आणि मग सगळे वेगळे. प्रेमचंद त्यावर भाषण देत नाहीत. दोन प्रसंग शेजारी ठेवतात आणि आपल्याला ते बरोबर लागतं.

प्रयोग चौथा : सांगणारा बदला

हा माझा सगळ्यात आवडता प्रयोग. ही गोष्ट हामिदलाच सांगू द्या.

हामिदला वाटतं की अब्बा पैसे कमवायला गेलेत आणि थैल्या भरून आणतील. अम्मी अल्लाच्या घरी गेली आहे आणि छान छान वस्तू घेऊन येईल. आपल्याला मात्र सुरुवातीच्या पानांतच कळतं की दोघंही वारले आहेत. हामिदनं गोष्ट सांगितली असती तर आपल्याला हे कळलंच नसतं. आपणही त्याच्याबरोबर वाट बघत बसलो असतो.

गोष्ट सांगणारा जो आवाज असतो, त्याला निवेदक म्हणतात. ‘ईदगाह’चा निवेदक सगळ्यांच्या मनात शिरू शकतो. म्हणून हामिद आनंदानं उड्या मारत चालतो, तेव्हा आपल्या पोटात कालवतं. त्याला जे ठाऊक नाही ते आपल्याला ठाऊक आहे, हीच या कथेची मोठी ताकद.

प्रयोग पाचवा : चिमटा काढा

आता मुख्य परीक्षा. हामिद दादीसाठी चिमट्याऐवजी बांगड्या घेतो. किंवा कंगवा. प्रेम तेवढंच आहे, पैसे तेवढेच आहेत. गोष्ट चालेल?

बघा काय काय गेलं ते. खेळणी मातीची आणि चिमटा लोखंडाचा, ही जोडी गेली. खेळणी फुटतात आणि चिमटा टिकतो, हे गेलं. हामिद चिमटा खांद्यावर बंदुकीसारखा टाकून ऐटीत चालतो, तो प्रसंग गेला. मित्रांशी वाद घालून चिमट्याला बहादूर ठरवणं गेलं. कंगव्याला कोण बहादूर म्हणेल? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दादीची भाजलेली बोटं गेली. कंगवा ही भेट झाली असती. चिमटा ही काळजी आहे. रोज चुलीपाशी काय होतं ते या पोरानं बघितलंय आणि जत्रेच्या गर्दीतही लक्षात ठेवलंय.

तीन पैशांची ती वस्तू हळूहळू वस्तूपेक्षा मोठी होते. एका पोरानं मारून टाकलेला मोह आणि त्याची माया, दोन्ही तिच्यात मावतात. अशा वस्तूला प्रतीक म्हणतात. पण प्रतीक व्हायच्या आधी चिमट्यानं चिमट्याचं काम करायलाच हवं, म्हणजे रोटी उचलायला हवी. नाहीतर ते प्रतीक खोटं वाटतं.

प्रयोग सहावा : दादीचा राग पुसा

हामिद घरी येतो, चिमटा देतो, दादी म्हणते, ‘वा, गुणाचं बाळ!’ शेवट गोड आहे, पण सपक. कारण दादी पहिल्यांदा चिडते, तेव्हा क्षणभर आपल्याला धस्स होतं. इतकं सगळं करून याला बोलणीच बसणार? आणि मग हामिदचं एक साधं उत्तर सगळं फिरवतं. ही झाली कलाटणी. इथे कथा सर्वांत उंच टोकाला जाते, तो तिचा उत्कर्षबिंदू. त्या क्षणी तो चिमुरडा मोठ्या माणसासारखा शांत असतो आणि म्हातारी दादी लहान मुलीसारखी रडते. लहान कोण आणि मोठं कोण, याचा निवाडा वयावरून होत नाही. हा या कथेचा गाभा, म्हणजे आशय. शेवटी ‘तात्पर्य’ लिहायची गरजच पडली नाही.

अमेरिकन कथाकार एडगर ॲलन पो यानं १८४२ साली लिहिलं होतं की छोटी कथा एका बैठकीत वाचून व्हावी आणि तिच्यातला शब्द न् शब्द एकाच परिणामाकडे नेणारा असावा. ‘ईदगाह’ वाचून बघा. पहिल्या पानापासून सगळ्या वाटा त्या शेवटच्या क्षणाकडेच निघाल्या आहेत.

गोष्टीचा आलेख काढता येतो?

येतो की! आपल्याकडे भरतमुनींच्या नावावर असलेल्या ‘नाट्यशास्त्र’ या प्राचीन ग्रंथात नाटकातल्या कार्याच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत. प्रारंभ, प्रयत्न, प्राप्तिसंभव, नियतफलप्राप्ती आणि फलयोग. सोप्या भाषेत सांगायचं तर काहीतरी हवंसं वाटणं, त्यासाठी धडपड, मिळेल अशी आशा, आता मिळणार अशी खात्री आणि अखेर फळ हाती येणं. कथेच्या सुरुवातीच्या छोट्याशा कारणाला तिथे ‘बीज’ म्हटलंय. पेरताना दिसतं न दिसतं आणि शेवटी त्याचंच फळ येतं. ‘ईदगाह’मधलं बीज कोणतं? खिशातले तीन पैसे!

पुढे १८६३ साली गुस्टाफ फ्रायटाग या जर्मन लेखकानं नाटकांचा अभ्यास करून एक डोंगराची आकृती मांडली. चढत जायचं, मध्यावर शिखर आणि मग उतार. नाटकाचं शिखर मध्यावर असेल, पण छोट्या कथेत ते बहुतेक वेळा शेवटाच्या अगदी जवळ असतं. ‘ईदगाह’मध्ये तर शिखरानंतर उतार जवळजवळ नाहीच.

आणि २०१६ साली अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठाच्या संशोधकांनी हे काम संगणकाला लावलं. इंग्रजीतल्या तेराशेहून जास्त कथा-कादंबऱ्या संगणकानं चाळल्या. कुठे आनंदाचे शब्द जास्त, कुठे दुःखाचे जास्त, ते मोजून प्रत्येकीच्या भावनांचा आलेख काढला. त्यातून सहा मुख्य आकार मिळाले. सतत चढणारा, सतत उतरणारा, उतरून चढणारा, चढून उतरणारा, चढ-उतार-चढ आणि उतार-चढ-उतार. इतक्या गोष्टी आणि आकार मोजून सहा!

मग वाटेल की आकार ठरलेलेच असतील तर लेखकाचं कसब ते काय? अहो, तेच तर आपण मघाशी सहा प्रयोगांत बघितलं. आकार सारखा असला तरी त्यात तीन पैसे, भाजलेली बोटं आणि लोखंडी चिमटा कुणी ठेवायचा, हे संगणकाच्या आलेखात दिसत नाही.

आता तुमची पाळी

‘बालभारती’तला कुठलाही कथेचा धडा उघडा. आवडती गोष्ट असेल तर उत्तमच. एका कागदावर तिच्यातली पात्रं, जागा, महत्त्वाच्या वस्तू आणि घटना लिहा. मग प्रत्येकावर बोट ठेवून विचारा, ‘हे काढलं तर?’ काहीच बिघडलं नाही तर तो तुकडा लेखकानं उगीच घातला असेल किंवा त्याचं काम अजून तुमच्या लक्षात आलं नसेल. दुसऱ्यांदा वाचा. बहुतेक वेळा दुसरं कारण खरं निघतं.

पट्टी घेऊन आलेखही काढा. आडव्या रेषेवर गोष्टीतले प्रसंग, उभ्या रेषेवर आनंद. हामिदची एक रेघ, अमीनाची वेगळ्या रंगाची दुसरी. दोन्ही रेघा कुठे एकमेकींपासून लांब जातात आणि कुठे भेटतात, ते शोधा.

आणि स्वतः गोष्ट लिहायला बसाल, तेव्हा आधी एवढंच ठरवा, माझ्या नायकाला काय हवंय आणि ते त्याला सहजासहजी का मिळत नाही? या दोन प्रश्नांची खरी उत्तरं मिळाली की कथानक चालू लागतं. लिहून झाल्यावर एकेक वाक्य झाकून बघा. ज्याच्यावाचून अडत नाही ते खुशाल खोडा. ज्याच्यावाचून गोष्ट कोसळते ते जिवापाड जपा. मोठमोठे लेखकही असंच करतात. तेव्हा वही-पेन्सिल घ्या आणि आजच सुरुवात करा!